तुराटीचं लोखंड

अण्णा, काल मी तुमची भट्टी पुन्हा पाहिली. सोलापुरात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, पांढऱ्या कोटातल्या लोकांनी मांडलेली. खनिजाची भुकटी, तुरीच्या वाळक्या काड्यांचा कोळसा, मातीनं लिंपलेलं मडकं. दगडी कोळशाशिवाय लोखंड काढायचं म्हणे. मला बोलावलं ते संस्कृतचा मास्तर म्हणून, जुन्या ग्रंथांत काही सापडतं का बघायला. लोहाराचा मुलगा म्हणून नव्हे. ते मी तिथं कुणाला सांगितलेलंच नाही.

ते दिवस अजून डोळ्यांपुढं आहेत: तुम्ही सीना नदीच्या वाळूत लोहचुंबक फिरवून काळी रेती गोळा करताय. मी कॉलेजातून सुट्टीला आलोय, ओट्यावर संस्कृतची रूपं पाठ करतोय. "अण्णा, तुराटीवर चहा होतो, लोखंड नाही," मी म्हणतो. "व्हय पंडित," तुम्ही म्हणता, "तू रूपं चालव, मी भाता चालवतो." दुसऱ्या दिवशी मडकं फोडलंत. आत लिंबाएवढा गोळा. घणाखाली फुटला नाही, चपटा झाला. तो माझ्या हातात देऊन म्हणालात, "तुज्या कालिजातल्या सायबाला दाव की. तुराटीवर भागलं तर कोळशाला बाभळी तोडाया नगंत."

मित्रांदेखत तो गोळा घेऊन जायची मला लाज वाटली. साहेबांचं दार मी ठोठावलंच नाही; गोळा तलावात टाकला. घरी येऊन सांगितलं, "साहेब म्हणाले, हे लोखंड नव्हे, मंडूर." मंडूर म्हणजे लोखंडाची मळी, हे वर तुम्हालाच समजावलं. स्वतःच्या घणापेक्षा तुम्ही माझ्या संस्कृतावर विश्वास ठेवलात. लई शहाणे तुम्ही, अण्णा! मडकं पुन्हा लावलं नाहीत. जाईपर्यंत बाभळीच जाळत राहिलात.

काल ती मंडळी मडकं गरम असतानाच फोडायला निघाली. आधीचं तसंच फोडलेलं, हाती नुसती राख आलेली. मी ओरडलो, "गार होऊ द्या! वारं लागलं की लोखंडाची पुन्हा माती होते." वाक्य तुमचंच, भाषा तेवढी शुद्ध केली. आज सकाळी फोडलं. लिंबाएवढा गोळा. तिथल्या मुख्य बाईंनी हात जोडले, "सर, हे कुठल्या ग्रंथात आहे?"

"एका जुन्या हस्तलिखितात," मी म्हणालो.

हस्तलिखित म्हणालो, अण्णा, आणि तुम्हाला सहीसुद्धा येत नव्हती. त्या हस्तलिखिताच्या कर्त्याचं नाव बाईंना सोमवारी द्यायचंय. इथं तुम्हाला सगळं लिहिलं खरं, पण तिथं काय सांगेन, ते मला अजूनही ठाऊक नाही.