तगरीवरच्या अळ्या

३ ऑगस्ट, रविवार
फाटकाजवळच्या तगरीले पुन्हा अळ्या. अंगठ्याएवढ्या जाड, हिरव्या, मानेजवळ दोन निळे डोळे. डोळे खरे नाही म्हणे, पाखरांले भेव दाखवाचं सोंग. नातीनं सांगितलं, शलाकानं. नववीत आहे. आजवर मी कितीक चिमट्यानं उचलून राखेत टाकल्या. आज मात्र खुर्ची टाकून पाहत बसली. कडेकडेनं पान खाते, मी दात नाही म्हणून पापड खाते तशी. हासू आलं. चहा निवला.

९ ऑगस्ट
राखी झाली. दिवेलागणीले शलाकानं मागच्या अंगणात ओढत नेलं. पपईच्या फुलापाशी मोठं हिरवं पाखरू, हवेतच उभं, सोंड फुलात. "आजी, हा त्याच अळीचा पतंग. शेजारच्या नर पपईचे परागकण आपल्या झाडावर हेच आणतात." वटवाघळं या पतंगाईवर अन् बुलबुलं बी याईच्या अळ्याईवरच जगते म्हणे. तीन वर्सं माही फुलं गळाली, मी दृष्ट समजून बुंध्याले चप्पल बांधली. यंदा सात पपया धरल्या. चप्पल सोडली. पोरगी हासून हासून लोळली.

१४ ऑगस्ट
सून अन् शलाका काटोलले गेल्या, शलाकाची मामी बाळंत झाली. आठ-दहा दिवस.
जेवताना लेक, प्रमोद, म्हणे, रविवारी फवारणीवाला येऊन राहिला. महालक्ष्म्यांले पाहुणे येतीन, झाड खराट्यासारखं दिसते. म्हटलं, नको बोलावू. ताटाकडं पाहूनच बोलला, "मे महिन्यात रोज तूच मागं लागली होती आई. तुह्यासाठीच बोलावला."
खरं आहे. मीच. पतंगाचं सांगितलं, त्यानं वरण मागितलं. मायची तक्रार ऐकते, माय काही नवीन शिकली ते ऐकत नाही. मी पडली चौथी शिकलेली बाई.

१६ ऑगस्ट
अकरा अळ्या उचलून पिठाच्या जुन्या डब्यात ठेवल्या. हातानं. गार, मऊ. वर जाळीचं फडकं. त्यातली एक भुरी होऊन तळाच्या वाळक्या पानात शिरली, कोष कराले. फोनवर शलाका म्हणे, रोज ताजी पानं दे. अन् "जपशीन ना वं आजी?" म्हटलं, तुह्या बापाले जपलं, याईले नाही जपणार?

१७ ऑगस्ट
फवारलं. वास घरभर.

१८ ऑगस्ट
डब्यातला पाला संपला. शेजारणीकडं तगर आहे, पण भिंतीवरून भांडण झालं तेव्हापासून बोलचाल बंद. तिच्या दारात पानं मागू? आपल्याच झाडाची तोडली. तीनदा धुतली, बाजारची मेथी धुतो तशी.

१९ ऑगस्ट
दहाच्या दहा. काळ्या, वाकड्या.
प्रमोद म्हणे, फेकून दे ना, काहून बसली तशी. त्याच्यावर ओरडली. त्याचा काय दोष होता यात. पाच पावलांवर शेजारणीची पानं होती, जीभ उचलली नाही माही.

२४ ऑगस्ट
महालक्ष्म्या पुढच्या रविवारी. उद्या शलाका येते. रोज फोनवर विचारते, किती झाले कोष. मी म्हणते, ये तू, मंग पाहू.
तळाशी तो एकच आहे. सुपारीसारखा भुरा. जिता असला तर शिवल्यावर हलते म्हणे. दोनदा बोट नेलं, दोनदा मागं घेतलं. आधी तिले काय सांगू ते ठरू दे.