अवकाशात जायला दादाची सही

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि वहिनींचा बसलेला आवाज उठला का, ते कळव. (आवाज उठला असेल तर गुडघाही चढू लागला असेलच. त्या वरच्या मजल्यावरून हाक मारतात.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत.

ताजी बातमी अशी, की मी अवकाशात जायला लायक आहे. काल दुपारी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी तसं लेखी कळवलं आणि साहेबांनी तो कागद सगळ्या खात्यासमोर मोठ्याने वाचून दाखवला. हिने संध्याकाळपर्यंत इमारतीत एकही मजला सांगायचा ठेवला नाही. तळमजल्यावरचे काका, जे मला इतकी वर्षं फक्त 'तुमची स्कूटर काढा' एवढंच म्हणत आले, त्यांनी काल स्वतः स्कूटर बाजूला घेऊन मला वाट करून दिली. तेव्हा आता उरला आहेस तो तू. मागच्या आठवड्यात वारसाचं संमतिपत्र पाठवलं होतं, ते तू परत धाडलंस. त्यावर सही नव्हती. 'मृत्यु' या शब्दाला तू लाल शाईने दुसरा उकार दिला होतास, 'मृत्यूपत्र' या शब्दाला पहिला, आणि समासात लिहिलं होतंस, 'एकदा काय ते ठरवा.' जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाचा हात आहे, समजू शकतो. पण दादा, सख्खा भाऊ वर जाणार असा सगळा मजकूर वाचून तुला खटकलं ते एवढंच? भाऊ जगतो की मरतो यापेक्षा तो ऱ्हस्व मरतो की दीर्घ याची तुला काळजी?

असो. तुझ्या मनात शंका असणार, म्हणून नियम नीट समजावून सांगतो. ते मीच लिहून काढलेत, त्यामुळे माझ्याइतकं भरवशाचं कुणी सापडायचं नाही. समज, आमचं यान वर गेलं आणि तुझ्या घरावर पडलं. अशा वेळी तुला काही म्हणजे काही सिद्ध करावं लागत नाही. चूक कुणाची, हेतू काय, वारा कुठला, कुणी विचारणार नाही. कौलं तुझी, भरपाई आमची, आणि त्यासाठी कंपनीला आधीच विमा उतरवावा लागतो. आता समज, त्याच यानात मी बसलो आहे. तर मला काही मिळत नाही. कारण मला सगळे धोके सांगितलेले असतात आणि मी ते समजून उमजून पत्करलेले असतात. थोडक्यात, कायद्याच्या दृष्टीने यानात बसण्यापेक्षा त्याच्याखाली उभं राहणं फायद्याचं. (हे वाक्य मी मसुद्यात घातलं होतं. साहेबांनी काढलं.)

शिवाय इंजिन बनवणारे, खुर्च्या बनवणारे, कंपनी आणि आत बसणारा, या सगळ्यांनी एकमेकांना लिहून द्यायचं असतं, की ज्याचं नुकसान त्याने सोसायचं, कुणी कुणाला कोर्टात खेचायचं नाही. लहानपणी आपण माळ्यावर चढायचो तेव्हा आई म्हणायची ना, पडलात तर रडत माझ्याकडे यायचं नाही? तोच हा नियम, फक्त सत्तावीस पानांचा. कंपनीने डोळ्यांवर कातडं ओढून हयगय केली तर मात्र तिला सुटका नाही. ते कलम मी भांडून घालायला लावलं. एक गंमत म्हणजे आत बसणाऱ्याला 'प्रवासी' म्हणायचं नाही. प्रवासी म्हटलं की त्याला सुखरूप पोचवण्याची जबाबदारी येते, रिक्षावाल्यालासुद्धा येते. म्हणून शब्द 'सहभागी' असा आहे. म्हणजे यान कोसळलंच तर ते माझ्यावर कोसळत नाही, मी त्यात भाग घेतो.

आता एवढ्या जगातून माझीच निवड का झाली, तेही सांगतो, कारण त्यात आपल्या घराण्याची शान आहे. आमची कायदा-खात्याची खोली यंत्रशाळेच्या डोक्यावर आहे. खाली इंजिनाची चाचणी लागली की टाचण्यांची डबी टेबलावरून चालत चालत काठापर्यंत येते आणि बोलता बोलता तिला परत मागे सारायचं, ही इथली रीत. त्या खोलीत बसून मी धोक्यांचं वर्णन इतकं सविस्तर केलं, की साहेबांनी माझी पाठ थोपटली. मग सरकारी निरीक्षकबाई आल्या. शांत, चष्मा साखळीला लावलेला, टाचण्यांची डबी चालू लागली तरी नजर हलली नाही. त्या म्हणाल्या, संमती म्हणजे सही नव्हे, समज. पहिल्या उड्डाणात बसणाऱ्याला हा कागद कळला आहे, अशी माझी खात्री पटली पाहिजे.

पहिले आले एक गाद्यांचे कारखानदार. त्यांनी कागद उलटासुद्धा केला नाही, सही ठोकली आणि फोटो कुठे काढायचा ते विचारलं. बाईंनी विचारलं, नवव्या पानावर काय आहे? ते म्हणाले, माझी सही असेल. बाद. दुसरे आले एक निवृत्त न्यायाधीश. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, काही ओळी दोनदा वाचल्या, भाषेचं मनापासून कौतुक केलं, पाणी मागून घेतलं आणि हात धुऊन येतो म्हणून गेले. त्यांची छत्री अजून आमच्या दारामागे आहे. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं, की मसुदा फारच चांगला झाला आहे. जो वाचत नाही तो चालत नाही, आणि जो वाचतो तो थांबत नाही. बाईंनी सावकाश चष्मा काढला आणि विचारलं, "हा कागद पूर्ण समजलेला माणूस या इमारतीत आहे का?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी (काय सांगू, कौतुकाची सवय नसली की असं होतं) उठून उभा राहिलो.

एकच गोष्ट राहिली. सहभागी गेल्यावर मागच्यांनी दावा लावू नये म्हणून मी मसुद्यात वारसांची संमती घातली आहे. वारस म्हणजे नुसती बायको लिहिली असती तरी चाललं असतं. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी आई घातली, सख्खी भावंडं घातली, एकही फट ठेवली नाही. हिने भाजी निवडता निवडता सही केली आणि वर विचारलं, डबा लागेल का. आईने भिंग लावून धोक्यांची अख्खी यादी वाचली आणि म्हणाली, "यातलं निम्मं तर तुझ्या स्कूटरवरही होतं." आणि सही केली. आता फक्त तुझी हवी. ती सोमवारपर्यंत साहेबांच्या टेबलावर पोचली, की सगळं पक्कं. मला तिळमात्र भीती नाही. भूक नीट लागते. झोपही लागते, थोडी उशिरा लागते एवढंच, पण ती उत्सुकता.

वहिनींना नमस्कार सांग, आणि गुडघ्याला जप. त्याची जबाबदारी कुणावरच नाही.

तुझा धाकटा

ता. क. सोबत संमतिपत्राची नवी प्रत आहे. पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर.

ता. क. २. दादा, वरचं सगळं हिचं वाचून झालं आहे आणि ती आता गच्चीवर कपडे वाळत घालते आहे, म्हणून घाईने लिहितो. सही करू नकोस. तुला शपथ आहे. ती यादी माझ्याइतकी कुणाला पाठ नाही, त्यातच सगळं आलं. 'जे धोके अद्याप कुणालाही ठाऊक नाहीत ते' हे सोळावं कलम लिहिताना मी चहा पीत होतो, आता ते आठवलं की चहा जात नाही. मला स्वतःहून नाही म्हणता येत नाही. आई, ही, इमारत, स्कूटर काढणारे काका, सगळ्यांना काय तोंड दाखवू? पण वारस अडला तर माझा काय इलाज? शिवाय नव्या प्रतीत मी मुद्दाम शुद्धलेखनाच्या अकरा चुका ठेवल्या आहेत. तुझ्याच्याने त्यावर सही होणार नाही. सावकाश तपास, घाई मुळीच नाही, आणि रागाचं एक पत्र लिहून कंपनीला परत पाठव. माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. ही आली.

ता. क. ३. भाऊजी, नमस्कार. पाकीट टपालात टाकायला यांनी माझ्याकडे दिलं. ते दोनदा चिकटवलेलं दिसलं म्हणून दवाखान्यात कामावर आल्यावर वाफेवर उघडलं. (आमच्याकडे दातांची हत्यारं उकळायला वाफ असतेच.) तुम्ही सही करू नका. मीसुद्धा केली नसती. पण हे इतके खुशीत घरी आले, आरशासमोर उभे राहून हेल्मेट घालतात तशी मान करून पाहिली, मला वाटलं यांना मनापासून जायचं आहे. मी आडवी आले तर जन्मभर मनात राहील, म्हणून डब्याचं विचारलं. भाजी मी दोनदा निवडली, हे यांच्या लक्षात आलं नाही. तर तुम्ही फोन करा आणि यांना चांगलं रागवा, की मला माझा भाऊ हवा आहे, तुझी हौस गेली खड्ड्यात. मी शेजारी उभी राहून हळहळीन. मी हे वाचलं, ते यांना कळू देऊ नका.

सोमवारी तुमची सही पोचली नाही तर जागा साहेबांकडे जाईल. मसुद्यावर 'वाचला, समजला' अशी दुसरी सही त्यांचीच आहे, आणि निरीक्षकबाईंना ती दिसली आहे. त्यांच्याकडे अडचण यायची नाही. साहेबांच्या मिसेस आत्ताच दाढ दाखवायला आल्या होत्या. संमती त्यांनी देऊन ठेवली आहे, तारीख तेवढी मोकळी सोडली आहे.