गाडी विकली, दावं राहिलं

अंबड, नाशिक
बुधवार, ९ एप्रिल १९९७

तीर्थरूप जयराममामांस,

दिनेशचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा आणि देवळ्याचा कांदा, दोन्ही ठीक असतील (मामी म्हणतात, तुम्ही आधी कांद्याची चौकशी करता). काल फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा जीव टांगणीला लागलाय. लेकीचं, पल्लवीचं लग्न तोंडावर आलंय आणि मांडवाच्या जागेत दादांची (तुमच्या दाजींची) ती लाल अमेरिकन स्पोर्ट्स गाडी ठाण मांडून बसलीय. दादांचे साहेब मायदेशी जाताना आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे दादांना, ती बक्षीस देऊन गेले. दादा गेल्यापासून तिच्यावर कोंबड्या बसतात (दसऱ्याला तुम्ही येऊन चालू करता, तेवढीच तिची हालचाल). शेवटी पुण्याच्या एका शौकीन शेठनी विसार दिला. म्हटलं, सुटलो.

परवा शेठ गाडी न्यायला आले. आईनं (तुमचीच बहीण, मी काय सांगू) गाडीला हळदकुंकू लावलं, बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. इथवर ठीक. शेठनी किल्ली मागितली, तर म्हणते, "बैल इकला तरी दावं कोनी देत नाय. किल्ली म्हंजी तिचं दावं. ते आपल्याच घरी ऱ्हाईल." शेठ आधी हसले. मग हसायचे थांबले. अस्सल किल्लीशिवाय गाडी नको म्हणतात. तुम्ही फोनवर सुचवलंत तसं देव्हाऱ्यामागं पाहिलं, पिठाचा डबा उपसला, आईची उशी उसवली. काही नाही. शेठ नाशकातच मुक्काम ठोकून आहेत; सकाळ-संध्याकाळ येऊन अंगणात खुर्ची टाकून बसतात, चहाही घेत नाहीत. शुक्रवारपर्यंत किल्ली नाही मिळाली तर सौदा मोडला, आणि रविवारी व्याही मांडवाची जागा बघायला येणार.

तुमचा भाचा,
दिनेश

ता. क. : आशानं (तुमच्या सुनेनं) आत्ता कबूल केलं, आई मागच्या आठवड्यात देवळ्याला आली तेव्हाच किल्ली तुमच्या हवाली करून आली. मामा, आणि तुम्ही मला पिठाचा डबा उपसायला लावलात? पत्र आणणाऱ्या ट्रकवाल्या फकिराबरोबर किल्ली ताबडतोब धाडा.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवणार तेवढ्यात पल्लवी गाडी पुसताना दिसली. दादांनी तिला शब्द दिला होता म्हणे, सासरी याच गाडीतून धाडीन. आईला ठाऊक होतं, मला बापाला कोणी बोललं नाही, याचं फार वाईट वाटलं. मांडव गल्लीत घालू. फकिराला रिकामाच परत पाठवा. किल्ली शनिवारी आणा, आणि स्वतः आणा. डावीकडचं स्टेअरिंग दादांनंतर तुम्हालाच जमतं. तोवर मी शेठना घेऊन पिठाचा डबा पुन्हा एकदा उपसतो.