रिलीव्हर आल्याशिवाय

आप्पा, काल संध्याकाळी माझा संघ चार गोलांनी हरला आणि शिव्या मी तुम्हाला घातल्या. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्याने. आईने आतून विचारलं, "कुणावर वरडतीस गं?" मी म्हटलं, कुणावर नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ह्या घरात काही बिघडलं की माझं बोट आधी तुमच्याकडे वळतं, आणि खरं सांगते, मला ती सवय मोडायचीही नाही.

संघ म्हणजे खरा नव्हे. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, फुटबॉलच्या मॅनेजरचा. चाळिशी उलटली तरी पोरखेळ सुटेना, असं तुम्ही म्हणाला असतात, म्हणून मीच म्हणून टाकते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने माझ्या लॅपटॉपवर तो टाकून दिला आणि माझे रविवार त्यात जायला लागले. ह्यात आपण बॉलला पायही लावत नाही. कोणी कुठे उभं राहायचं, बॉल मिळाला की कुठे सरकायचं, गेला की कुठे परतायचं, हे सगळं आधी नेमून द्यायचं आणि मग हाताची घडी घालून बघत बसायचं. मला बॉल आपल्याकडेच ठेवणारा संघ बांधायचा होता. लांब लाथा मारून देवावर हवाला ठेवणारा नको होता. छोटे छोटे पास, गोलकीपरनेसुद्धा शेजारच्यालाच द्यायचा, आणि मुख्य म्हणजे कोणी एका जागेला चिकटून राहायचं नाही. बॉल आपल्याकडे आला की डावा बॅक, म्हणजे मागे डावीकडची राखण करणारा, सरळ मधल्या फळीत येणार, पुढचा स्ट्रायकर खाली उतरणार, त्याने सोडलेल्या जागेत कडेचा खेळाडू घुसणार. समोरच्यांना कोणाला धरावं हेच कळू नये. मोकळीक द्यायच्या जेवढ्या सूचना त्या खेळात आहेत तेवढ्या सगळ्या मी देऊन टाकल्या. माझ्या संघात कोणी खुंटीला बांधलेलं नसेल, असं मी मोठ्या तोऱ्यात ठरवलं होतं.

पासांचा पाऊस पडला आणि गोल मात्र आमच्यावर झाले. चारही एकाच कोपऱ्यातून. माझा डावा बॅक मोकळीक घेऊन मध्ये आला की त्याची जागा उघडी पडायची, आणि बॉल हातचा गेला रे गेला की समोरचे तो बरोबर तिथे टाकायचे. सगळ्यांना जागा सोडायची परवानगी मी दिली होती, सोडलेली जागा कोणी धरायची हे कोणालाच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या गोलाला माझ्या तोंडून जे वाक्य बाहेर पडलं ते तुमचं होतं. "रिलीव्हर आल्याबिगर स्टेशन सोडायचं न्हाई." म्हणून त्या शिव्या.

तुम्ही लाइनवरचे रिलीव्हर होतात. गाड्या जोडायच्या लाइनवर प्रत्येकाचं एक स्टेशन, आणि ज्याला पाण्याला किंवा लघवीला जायचंय त्याच्या जागी तेवढा वेळ उभं राहणारा माणूस म्हणजे रिलीव्हर. त्याला सगळ्या स्टेशनांचं काम यावं लागतं. मी चौथी-पाचवीत असताना कंपनीने एकदा घरच्या माणसांना कारखाना बघायला बोलावलं होतं, तेव्हा तुम्ही मला तुमचं काम दाखवलंत. एक माणूस वाकून बोल्ट आवळत होता. तुम्ही मागून गेलात, त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवलीत आणि म्हणालात, "सोड." त्याने पान्हा तुमच्या हातात दिला आणि तो निघून गेला. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. पुढची गाडी आली आणि ती तुमच्या हाताखालून तशीच पुढे सरकली. मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की रात्री जेवताना मी वाट्या ओळीने मांडून तेच खेळत बसले. तुम्हीही जमिनीवर बसून मला शिकवलंत, ही वाटी उठली की ही इकडे, ही गेली की मी तिकडे. आई भाकरी थापत होती. तिची वाटी आपण मांडलीच नव्हती.

आता मीही चाकणच्या एका कंपनीत आहे, सुटे भाग करणाऱ्या. आमच्या कारखान्याच्या भिंतीवर एक तक्ता असतो. एका बाजूला माणसांची नावं, वर स्टेशनं, आणि प्रत्येक चौकोनात एक गोल. काम जितकं येतं तितका गोल भरायचा. तो भरायचं काम माझं. ह्या खेळातही अगदी तसंच आहे. खेळाडूच्या नावावर बोट ठेवलं की मैदानाचं चित्र उघडतं, त्यावर ठिपके. हिरवा म्हणजे त्या जागेवर पक्का, लाल म्हणजे तिथे उभा करू नका. तुमच्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या नावापुढची रांग भरगच्च असणार. आपल्या कासारवाडीच्या दोन खोल्यांचा तसा तक्ता केला असता तर आईची रांग भरगच्च आणि तुमची कोरी. पाणी भरणं कोरं, चहा कोरा, माझी वेणी कोरी. तुम्ही घरी आलात की पंख्याखाली बसायचात आणि ताट समोर यायचं. तीस माणसांच्या जागी उभा राहणारा माणूस घरातल्या एका बाईच्या जागी कधी उभा राहिला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या वाट्याला आला.

आजी आजारी पडली तो आठवडा तुम्ही विसरला असाल, आम्ही नाही. चाकणच्या पुढच्या आईच्या माहेराहून मामाचा निरोप आला होता की म्हातारी लेकीचं नाव घेतेय. आईने तुम्हाला ताट वाढलं आणि तिथेच उभी राहून विचारलं, "उद्याच्याला जाऊन येऊ का? आयचं काय खरं न्हाई." तुमचा ओव्हरटाइम चालू होता. तुम्ही घास थांबवला नाहीत. म्हणालात, "आन् हितं स्टेशनवर कोण उभं ऱ्हानार? रिलीव्हर कुठाय तुजा?" आणि हसलात. तुम्हाला ते फार आवडलं होतं, दोनदा म्हणालात. मीही हसले, कारण मला तो शब्द येत होता. आई हसली नाही. तुमचा ओव्हरटाइम संपला तेव्हा ती गेली. आजी होती, डोळे उघडे होते, पण तिने लेकीला ओळखलं नाही. "बाई, तू कुणाची?" असं विचारलं तिने. आईने हे मला सांगितलं ते मी कॉलेजात गेल्यावर, आणि तेही भांडी घासताना, पाठमोरी.

तरी मी तुम्हाला पुष्कळ वर्षं एक सूट दिली होती. म्हणत होते, त्या पिढीतल्या बाप्यांना चूल कुठून येणार, शिकवलंच नाही कोणी. येत नाही त्याला काय बोलायचं? मग तुमची दशक्रिया झाली. घाटावरून सगळे घरी आले, तुमचे लाइनवरचे मित्र दाराशी सतरंजीवर बसले, आई त्यांना चहाचे कप देत होती. त्यातले एक काका डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, आता आखाड कसला वो. श्रावणाच्या आधी इंद्रायणीच्या काठाला समद्या डिपार्टमेंटचं मटण आप्पाच करायचे. आमी नुसतं लाकडं आनायचो." दुसरे म्हणाले, "मटणाचं सोड राव, भाकऱ्या! काय थापायचा गडी! बायकांनी हात जोडावं." आईच्या हातात ट्रे होता. तिने विचारलं, "भाकऱ्या व्हय?" एवढंच. मग ती आत गेली आणि मी तिच्या मागे गेले नाही.

आप्पा, तक्त्यातला तुमचा भाकरीचा गोल कोरा नव्हता. भरलेला होता आणि तुम्ही तो झाकून ठेवला होतात. आईला ताप असताना मी कच्च्या भाकऱ्या केल्या आणि तुम्ही ताट सारलंत, त्या दिवशी तुमच्या हातात ती भाकरी होती. आजीच्या त्या आठवड्यात होती. दरवर्षी आखाडाला तुम्ही घराबाहेर पडताना आई तुम्हाला डबा करून द्यायची आणि तुम्ही तो मुकाट्याने घेऊन जायचात! ताकास तूर लागू दिली नाहीत. तुम्हाला येत नव्हतं म्हणून केलं नाहीत, एवढा एकच धागा माझ्या हातात होता, आणि तोही तुमच्या दशक्रियेला तुटला. तेव्हापासून मी तुमच्या फोटोला हार घालत नाही. आई घालते.

तर आज सकाळी मी संघ पुन्हा मांडायला बसले. डाव्या बॅकला आत यायची परवानगी ठेवली, फक्त तो आत आला की त्याच्या जागेवर सरकणारा एक माणूस हवा होता. पोरांचे ठिपके एकेक करून बघितले, कोणाचाच जुळेना. शेवटी बाकावर बसलेला एक म्हातारा मिडफिल्डर सापडला. पाय जड, केस पिकलेले, पण चित्र उघडलं तर मागच्या फळीपासून पुढपर्यंत जवळजवळ सगळीकडे हिरवा. त्याला मी महिनोन्महिने खेळवला नव्हता. का, ते मला त्याचं चित्र बघताना कळलं, सगळ्या जागा येणारा तो हुबेहूब तुम्ही होतात, आणि मी लॅपटॉपसमोर एकटीच हसले. त्याला मधल्या फळीच्या मागे उभा केला, सूचना दिली, की बाबा तू कुठे मिरवायला जायचं नाही, ज्याची जागा रिकामी होईल ती धरायची. पुढची मॅच आम्ही जिंकलो. डावा बॅक मनमुराद भटकत होता आणि त्याच्या पाठीमागे तो म्हातारा न चुकता सरकत होता. खेळ काय देखणा दिसत होता! मला त्याचा राग आला. इतकं सोपं होतं, आप्पा. एकाने सरकायचं होतं.

ती मॅच चालू असताना आई हात पुसत माझ्यामागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "देहूला तुज्या मावशीकडं आठ दिस जाऊन येऊ म्हन्ते. तिला इसरायला व्हतंय गं आता. काल फोनवर मला आयच्या नावानं हाक मारली. तिला माजी वळख हाय तवर दोगी बसू जरा." मी स्क्रीनवरून मान वळवली नाही. म्हाताऱ्याने नुकताच बॉल हिसकावला होता. मी म्हणाले, "ह्या आठवड्यात माझं ऑडिट आहे. डब्याचं काय करू मी?" आई म्हणाली, "व्हय, ते बी हायच," आणि आत गेली. बॉल कडेला गेला, मध्ये आला, गोल झाला. गोल झाल्यावर मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

खाण तशी माती, असं लोक म्हणतात तेव्हा मी आजवर चिडत आलेय. मी तुमच्यासारखी नाही, मी कमावते, घर माझ्या नावावर आहे, आईला मी कधी आवाज चढवून बोलत नाही. पण पंख्याखाली मी बसते. ताट माझ्यासमोर येतं. आणि तुम्हाला निदान भाकरी येत होती. मी त्या कच्च्या भाकऱ्यांनंतर पिठाला हात लावलेला नाही. तुम्ही नावं ठेवलीत म्हणून, असं मी सांगत आले, आणि हे कारण मला फार सोयीचं पडलं. ह्याचासुद्धा राग मला तुमचाच येतोय, हे तुम्हाला समजावं म्हणून लिहायला बसले होते.

इथपर्यंत लिहून मी मघाशी उठले. ठरवून उठले. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, परातीत पीठ घेतलेलं. मी मागून जाऊन तिच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली, कारखान्यात तुम्ही त्या माणसाच्या टेकवली होतीत तशी. "सोड" हा शब्द तोंडात तयार होता. तिने मागे न बघता विचारलं, "काय पायजे? च्या टाकू?"

तिला कुठून कळणार? तिच्या खांद्यावर आजवर ज्याने कोणी हात ठेवला त्याला काहीतरी हवंच होतं.

मी हो म्हणाले, आप्पा. अर्धा कप म्हणाले, आणि परत इथे येऊन बसले. तिने पीठ बाजूला सारून चहाचं आधण ठेवल्याचा आवाज येतोय. हे लिहिलेलं तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही. वाचायचा हक्क ह्या घरात एकीचाच आहे आणि तिला दाखवायची माझी छाती नाही. मावशीचं मी अजून बोललेले नाही. चहा घेतला की बोलणार आहे.