आजच सांगा

२ जून
हिची बदली झाली. प्रमोशनवर, दुसऱ्या शहरात. 'अहो, येताय ना?' असं विचारलं. माझं काम यंत्रांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करायचं. खुर्ची असली की झालं. तरी असले निर्णय उभ्या उभ्या घ्यायचे नसतात. विचार करून सांगतो म्हणालो. ती म्हणाली, मग बसून करा.

४ जून, सकाळी
विचाराला बसलो. कंप्युटरच्या कोपऱ्यात टिंग. चपलांवर सूट. टिंग. कुणाच्या तरी मांजराचा फोटो. टिंग. पाणी प्यायची वेळ झाली. तहान माझी, उठाठेव त्याची! आधी ही टिंगटिंग बंद, मग विचार. पाया पक्का हवा.

५ जून
काय ठरलं, म्हणून हिनं दारातून विचारलं. विचारांची लिंक तुटली. म्हटलं, तोंडी नको, कंप्युटरवर पाठवत जा, डोळ्यांसमोर राहतं. बरं म्हणाली. समजूतदार आहे.

८ जून
फिल्टर बसवला. सरसकट सगळं बंद करणं हे अडाण्याचं काम. मी शब्द पकडला. विकणारे झाडून सगळे 'आजच' म्हणतात. आजच घ्या, आजच या. 'आजच' दिसलं की थेट कचऱ्यात. दिवसभर चिडीचूप. स्वतःवरच खूश.

११ जून
शांतता टिकून आहे. हिचंही काही नाही. तिलाही घाई नसावी. उद्यापासून विचार.

१३ जून
फॉन्ट बदलला. डोळ्यांना बरं वाटतं. ही कपाटं आवरते आहे. हौस दांडगी.

१६ जून, दुपारी
टेम्पो आला. मेहुणा खोकी चढवत होता. माझं कुठलं, विचारलं. तो खाली बघून म्हणाला, भावोजी, तुमचं काही सांगितलं नाही ताईनं. ही म्हणाली, जेवण झाकून ठेवलंय. टेम्पो गेला, हीही गेली. जेवलो.

संध्याकाळी
कचरा उघडला. चपला, गाद्या, विमा. मध्ये हिचा निरोप, अकरा तारखेचा. 'तिकडे घर एकाचं बघू की दोघांचं? आजच सांगा.'

१७ जून
फोन केला. म्हटलं, मी टाळलं नाही, फिल्टरनं अडवलं. सॉफ्टवेअरचा दोष. रागावली नाही. एवढंच विचारलं, आणि इतकी वर्षं कुठला फिल्टर होता?
आठवून पाहिलं. लग्नानंतर बरीच वर्षं घरात कंप्युटरच नव्हता.