चौथं ताट

आदेशचे बाबा,

मी पुलगावले कॉलेजात, समानतेच्या वर्गाले चालली. भाकरी टोपल्यात हाये, वांग्याची भाजी तेवढी गरम करून घेजा.

तोंडानं सांगणं जमलं नाई, म्हणून लिहून राह्यली. मागच्या शनिवारी मॅडमनं वर्गात एक कागद भरून घेतला, घरात कोण कधी जेवते म्हणून. मी लिहून देलं, आमी सगळे संगंच बसतो. मॅडमनं तो साऱ्यायपुढं वाचला अन् बायाइनं टाळ्या वाजवल्या. मले धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. आपल्या घरी आधी तुमी अन् आदेश, मंग आत्याबाई, अन् साऱ्यायचं झाल्यावर तुमच्याच उष्ट्या ताटात मी. परवा भाजी उरली नोती, तिखटमीठ खाऊन उठली. तुमाले मालूम बी नाई.

खोटं काऊन लिहिलं म्हणसान, तर कॉलेजचा फारम तुमीच आणून देला होता. तुमाले कोणी नावं ठेवावी, हे मले नोतं पाह्यजे.

पण आज मी उभी राहून खरं सांगतो. अन् आजपासून संध्याकाळी चारी ताटं एकदमच वाढीन. आत्याबाईले सकाळीच सांगितलं. फळीवरचं चौथं ताट काढून राखेनं घासून ठेवलं त्याइनं.

मले यायले उशीर झाला अन् तुमाले भूक लागली, तरी थांबजा. सोळा वर्षं मी थांबली.

प्रणिता