ऑर्डिसच्या भिंतीवरची बॅट

३ नोव्हेंबर, सोमवार

लबाडी केली म्हणे! आपल्या फाउंडर्सनी!

सकाळी रेडिओवर बातमी लागली आणि इकडे तव्यावरची अंडी करपली. गेल्या वर्षीचं बेसबॉलचं अजिंक्यपद, ज्याच्यासाठी आम्ही सगळे म्हातारेकोतारे गाड्यांचे हॉर्न वाजवत गावभर फिरलो, ते म्हणे चोरून मिळवलेलं. शहरातल्या त्यांच्या मैदानात मागे बिअरची मोठी पाटी आहे, तिच्यातला एक दिवा. समोरच्या संघाचा कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा, गुडघ्यांमध्ये बोटं धरून चेंडू टाकणाऱ्या स्वतःच्या पिचरला खूण करतो, वेगात टाक की वळवून टाक. ती खूण कॅमेऱ्यातून टिपायची, आणि वळणारा चेंडू येणार असेल तर तो दिवा लावायचा. आपला बॅटर पाटीकडे बघून आधीच तयार! संघातल्याच कुणीतरी फोडलं. नाव सांगत नाहीत.

डेल म्हणाला, तरीच सगळे एवढे फटके मारत होते. मी म्हटलं, सगळे नाही. त्यांचा कॅचर, आपला एली, तो नाही.

त्याने करपलेली अंडी खरवडून खाल्ली. नवऱ्याच्या या थंडपणाचा मला जास्त राग येतो.

६ नोव्हेंबर

ऑर्डिसच्या खानावळीत आज पाय ठेवायला जागा नव्हती. हिवाळा लागला की क्लेट तिथल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून संघ चालवतो. एरवी पेंड आणि बियाणं विकणारा माणूस, पण खेळाचा हंगाम संपला रे संपला की याला विका, त्याला आणा, ह्या पिचरचा खांदा कामातून गेलाय, त्या पोराला अजून दोन वर्षं खालीच खेळू द्या. दरवर्षी मी हसते. आज हसू आलं नाही.

"सगळ्यात मोठा चोर तुझा कॅचर," मला म्हणाला. "जन्मभर स्वतः खुणा करायच्या आणि दुसऱ्याच्या चोरायच्या! करार संपलाय ना त्याचा? बरं झालं. हाकला."

ऑर्डिस म्हणाली, सगळेच संघ करत असतील, आपले पकडले गेले एवढंच. मग कुणी म्हणालं, खेळाडूंना कसलं आलंय इमान, इमान आपल्यालाच. मग कुणी म्हणालं, चोरी केली ती केली, पण स्वतःच्याच संघाची चुगली करणारा तो कोण हलकट? त्याला आधी शोधा. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. माझंही. मीसुद्धा मान डोलावली.

कॉफीच्या यंत्राच्या वर भिंतीवर एलीची बॅट टांगलेली आहे. आपल्या गावच्या बटन्सकडून, म्हणजे फाउंडर्सच्या खालच्या संघाकडून, तो शेवटचा सामना खेळला आणि वरच्या संघात जाताना ऑर्डिसला देऊन गेला. क्लेट म्हणाला, ती उतरव आधी. ऑर्डिसने पुसत असलेला कप खाली ठेवला. म्हणाली, "वर्ना सांगेल तेव्हा उतरवीन. पोरगं तिच्या घरी राहायला होतं."

अशी माझ्या गळ्यात आली ती बॅट.

१२ नोव्हेंबर

एली टीव्हीवर दिसला. अंगात कोट, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "मी त्या दिव्याकडे कधी बघितलं नाही," एवढंच बोलला. कुणी फोडलं, तुला ठाऊक होतं का, फाउंडर्सकडे राहणार की जाणार — एकाही प्रश्नाला उत्तर नाही. खाली बघत निघून गेला.

खाली का बघितलं? सरळ समोर बघायला काय झालं होतं!

१३ नोव्हेंबर

क्लेटशी भांडले. कडाडून. अर्धी कॉफी तशीच टाकून आले.

२५ नोव्हेंबर

शुक्रवारी एली येणार! फोन आला होता. दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी येतो आणि उरलेली टर्की खातो. ताजीपेक्षा शिळी बरी म्हणतो, मेला.

त्याच्या खोलीतली चादर बदलली. त्याची खोली! दहा वर्षं झाली त्याला जाऊन. नंतर बटन्सची किती पोरं या खोलीत उन्हाळाभर राहून गेली, पण ती एलीचीच खोली. आम्हाला मूल नाही, हे गावात कुणी कधी बोलून दाखवलं नाही. मात्र दर मे महिन्यात बटन्सचे नवे खेळाडू राहायला घरोघर वाटायची वेळ आली की पहिलं पोर आमच्याकडे पाठवायचे. एली आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, थेट डोमिनिकन रिपब्लिकमधून, हातात एक पिशवी. त्याला इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला स्पॅनिश. पहिला महिना जेवणाच्या टेबलावर त्याच्या कॅचरच्या खुणांवरच निभावला. एक बोट म्हणजे पाव, दोन बोटं म्हणजे दूध. मला माई म्हणायला लागला. तिकडे आईला म्हणतात.

आणि खोटं बोलला की भांडी घासायचा. कुणी न सांगता. पाच वेळा खेळायला जाऊन पाचही वेळा बाद झाला, आणि आम्हाला म्हणाला छान खेळलो — उठला, भांडी घासली. डेलच्या ट्रकची काच फुटली, मला काही माहीत नाही म्हणाला — भांडी. त्याची आई तिकडे इस्पितळात होती आणि हा म्हणत होता, माई, घरी सगळं ठीक आहे. त्या दिवशी त्याने माझी सगळी पातेली बाहेर काढून चकचकीत केली. मी त्याला कधी सांगितलं नाही की मला कळतं. आईने सगळं सांगू नये.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आला होता. गेला.

लिहवत नाही, तरी लिहिते.

दारात आल्याबरोबर मला उचललं, नेहमीसारखं. वाळलाय. टेबलावर बसला, दोन बोटं दाखवली, मी दूध दिलं. हसलो तिघंही. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "एली, तू त्या दिव्याकडे बघून खेळलास का?"

"नाही, माई."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

डोळ्यांत बघून म्हणाला. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. डेलने विषय बदलला. करार संपलाय, पुढे काय, वगैरे. एली म्हणाला, पुढे काय म्हणजे? राहणार तर! एप्रिलमध्ये पहिल्या सामन्याला दोघं या, तुमच्या त्याच खुर्च्या, मी सांगून ठेवतो. मी भोपळ्याच्या पाईचा तुकडा वाढला. त्याने खाल्ला. गप्पा झाल्या, ऑर्डिस कशी आहे, क्लेट अजून ओरडतो का, माझी बॅट धूळ खात पडलीय की पुसते कुणी.

आणि मग तो उठला आणि भांडी घासायला लागला.

मी नको नको म्हणत राहिले. "असू दे गं," म्हणाला, माझ्याकडे पाठ करून. ताटं, पेले, टर्कीचं ते तेलकट लोखंडी भांडं, जे मी स्वतः दोन दिवस भिजत टाकते, तेसुद्धा. घासतोय, घासतोय. डेल वर्तमानपत्र वाचत होता. मी टेबलाशी बसून त्या पाठीकडे बघत होते आणि एकेक भांडं मोजत होते.

जाताना त्याने मिठी मारली. मी मारली नाही. हात नुसते बाजूला लोंबकळत ठेवले. त्याच्या लक्षात आलं असणार. आलंच असणार.

२९ नोव्हेंबर

डेल म्हणतो, पोराने भांडी घासली, त्यात रडण्यासारखं काय आहे?

४ डिसेंबर

ऑर्डिसला सांगितलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. भांड्यांचं सांगितलं नाही, ते माझं आणि त्याचं. एवढंच म्हटलं, "त्याने केलंय. मला माहीत आहे."

तिने हात पुसले. स्टूल घेतलं, वर चढली आणि बॅट उतरवून माझ्या हातात दिली. भिंतीवर तिच्या आकाराचा स्वच्छ पट्टा राहिला, बाकी सगळी भिंत तळणाच्या धुराने पिवळी.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. वर्नानेच सांगितलं म्हटल्यावर मग काय! जे कालपर्यंत त्याच्या बाजूने बोलत होते तेही उलटले. क्लेट नाचेल असं वाटलं होतं. तो नाचला नाही. माझ्या घरापर्यंत चालत आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला, म्हणाला, "मला वाटलं होतं तू मला खोटं पाडशील."

मेल्या, मलाही तेच वाटलं होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

एली गेला. पार पश्चिमेला, समुद्राकाठच्या त्या संघात, जो गेली तीन वर्षं तळाशी लोळतोय. सकाळी बातमी आली.

राहणार तर, म्हणाला होता! तुमच्या त्याच खुर्च्या! माझ्या टेबलावर बसून, माझं दूध पिऊन. एका बैठकीत दोन-दोनदा खोटं.

डेलने वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. म्हणाला, पैसे फाउंडर्सपेक्षा कमी घेतलेत, वर्ना. कमी पैसे घेऊन तळाच्या संघात कोण जातं? आणि जरा थांबून म्हणाला, कदाचित ती भांडी ह्याच्यासाठीच असतील, दिव्यासाठी नसतील. मी त्याच्यावर खेकसले. जातोय हे लपवलं, ते काय पुण्य आहे का, असं विचारलं. तू नेहमी त्याचीच बाजू घेतोस म्हटलं. हे तर उलटंच आहे. बाजू मी घ्यायचे.

दुपारी क्लेटच्या दुकानामागे पिंपात शेकोटी केली होती. लोक त्याच्या नंबरचे शर्ट आणून टाकत होते. लहान पोरांचेही शर्ट होते. मी बॅट घेऊन गेले. क्लेट म्हणाला, "वर्ना, बॅट राहू दे. घरी ठेव. उद्या वाईट वाटेल."

मी त्याच्या हातात दिली नाही. स्वतःच टाकली.

चांगलं लाकूड. पेटायला वेळ लागला, आणि मी पेटेपर्यंत उभी राहिले. मुठीपाशी त्याने गुंडाळलेली पट्टी आधी जळली. घरी आले तर केसांना वास. डोकं धुतलं, तरी येतोय.

२४ डिसेंबर

फोन वाजतोय. त्याचाच आहे. तिसऱ्यांदा.

वाजू दे.

२६ डिसेंबर

त्याच्या आईकडून दरवर्षीप्रमाणे कॉफी आणि नारळाच्या वड्यांचा डबा आला. न उघडता चर्चच्या विक्रीत देऊन टाकला. डेलला वड्या आवडतात. तो बघत राहिला फक्त.

१८ जानेवारी

शून्याच्या खाली थंडी. खानावळीत क्लेट नव्या कॅचरचं कौतुक सांगत होता, पण जीव ओतून नाही. ऑर्डिसने भिंतीवरच्या त्या पट्ट्यावर कॅलेंडर लावलंय. कॅलेंडर आखूड आहे. दोन्ही बाजूंनी पट्टा दिसतोच.

मला त्याची आठवण येते. लिहून टाकते इथे, कुणाला सांगणार? चोर असला तरी येते. खोलीचं दार बंद ठेवलंय. काल चुकून टेबलावर तिसरं ताट मांडलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

फाउंडर्सचा एक पिचर रेडिओवर फटाफटा बोलला. म्हणाला, कुणी फोडलं हे आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. आमच्याच कॅचरने! त्याने एकट्याने कधी दिव्याकडे बघितलं नाही, आणि वर आम्हाला शहाणपण शिकवायचा. उन्हाळ्यात व्यवस्थापकाकडे गेला, दिवा बंद करा म्हणाला. ऐकलं नाही, तेव्हा थेट वर लीगच्या अधिकाऱ्यांकडे जाऊन सांगून आला. ऑक्टोबरातच आम्ही त्याला दार दाखवलं. सांगितलं, एवढ्यात तोंड उघडलंस तर कुठल्याच संघात जागा मिळणार नाही.

डेल उठला. रेडिओ बंद केला. माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते बरं केलं.

म्हणजे त्या शुक्रवारी तो एकच खोटं बोलला. एप्रिलचं.

२३ फेब्रुवारी

मीच फोन केला. लगेच उचलला. "माई!"

मी खुर्ची ओढून बसले. तोच बोलला. बोलायची बंदी होती, आणि तुझं जेवण नासवायचं नव्हतं म्हणाला. "पण मी जाणार हे तुला तेव्हाच कळलं होतं ना? भांडी घासली तेव्हाच? मला वाटायचंच, हिला कळतं. मी आईला सांगितलं, माई रडत असेल म्हणून फोन घेत नाही."

मी हो म्हटलं.

मग म्हणाला, तिकडे माझं सगळं जाळलं म्हणे लोकांनी. हसायचा प्रयत्न केला. "ऑर्डिसकडची बॅट आहे ना पण?"

"आहे. जागच्या जागी."

फोन ठेवला. सिंकमध्ये एकही खरकटं भांडं नव्हतं. कपाटातली सगळी ताटं बाहेर काढली आणि घासायला घेतली.